म्युनिकच्या दक्षिणेला ग्रॅव्हल सायकलिंग : नवीन असाल तर सुरुवात अशी करा

मे महिना उजाडला की म्युनिकमध्ये नवीन आलेल्या आपल्या मंडळींचे ठरलेले प्रश्न सुरू होतात. सायकल घेऊ का, कुठली घेऊ, आणि घेतली तर जायचं कुठे. गेली सात वर्षं मी ग्रॅव्हलबद्दल, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरच्या सायकलिंगबद्दल, हेच तोंडी सांगतोय, आता एकदाच लिहून टाकतो. मी काही रेसर बिसर नाही हे आधीच सांगतो, कॉलेजला असताना साताऱ्यात ॲटलास सायकल मारायचो तेवढाच काय तो अनुभव, त्यामुळे हे सगळं ज्याला चढ बघून घाम फुटतो अशा माणसाने लिहिलंय असं समजूनच वाचा.

पूर्ण वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा : ट्रेनने डोंगराकडे वर जायचं आणि नदीच्या बाजूबाजूने सायकल चालवत खाली यायचं. इथल्या मोठ्या नद्या आल्प्समधून निघून उत्तरेकडे वाहतात, म्युनिक समुद्रसपाटीपासून साधारण ५२० मीटरवर आहे आणि लेंग्रीस हे डोंगराच्या तोंडाशी असलेलं गाव ६८० च्या आसपास, म्हणजे परत येताना जमीनच तुम्हाला ढकलत आणते. बहुतेक नवखे काय करतात, घरातून निघतात, ताज्या पायांनी ४० किमी डोंगराच्या दिशेने हळूहळू चढत जातात, तिथे पोचल्यावर अंगातली बॅटरी संपते, आणि मग परतीच्या ट्रेनमध्ये सायकलला जागा नसते. हे मी स्वतः केलेलं आहे, एकदा नाही, दोनदा.

आता इथे खडीचे रस्ते एवढे कसे, ते दोन मिनिटात सांगतो कारण त्याचा रूट निवडायला उपयोग होतो. साधारण २०,००० वर्षांपूर्वी आल्प्समधल्या हिमनद्या पार इथपर्यंत आलेल्या होत्या. त्यांनी जमीन खरवडून जे खड्डे केले त्यात आज स्टार्नबर्ग आणि आमर ही मोठी तळी आहेत, आणि बर्फ वितळताना जी खडी पुढे वाहत गेली तिच्यावर आख्खं म्युनिक बसलंय. कुठेही फूटभर खणा, खाली गोटेच गोटे. स्टार्नबर्गच्या तळ्याचं नाव १९६२ पर्यंत व्युर्मझे होतं, त्यातून व्युर्म नावाची छोटी नदी निघते, आणि त्या शेवटच्या हिमयुगालाही तिचंच नाव दिलंय. सायकलवाल्यासाठी याचा अर्थ असा की तीन पट्टे आहेत. शहराजवळचा सपाट पट्टा, मग तळ्यांच्या आजूबाजूचा टेकाडांचा पट्टा जिथे नकाशात काही दिसत नाही पण दर दोन किमीला एक छोटा नालायक चढ येतो, आणि मग खरे डोंगर. मधल्या पट्ट्याला कमी लेखू नका, लोक तिथेच दमतात.

खडीही दोन प्रकारची आहे. नदीकाठची गोल गुळगुळीत, ती चाकाखाली गोट्यांसारखी सरकते. डोंगरातल्या जंगलरस्त्यांवर फोडलेली टोकदार चुनखडी टाकतात, तिच्यावर ग्रिप चांगली मिळते पण टायर कापते आणि पडलात तर कोपरही. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यासारखं दाबून बसलेलं पांढरंशुभ्र सरफेस मिळालं तर मात्र स्वर्ग, आणि ते इथे भरपूर मिळतं.

सायकलचं काय करायचं

पहिल्या महिन्यात विकत घेऊ नका. भाड्याने घ्या किंवा कुणाची तरी मागून घ्या. मग नवीनच हवी असेल तर ४० ते ४५ मिमी रुंदीचे टायर बसतात का ते बघा, आणि गिअर. गिअरबद्दल दुकानदार खूप काही सांगेल, तुम्ही फक्त एवढंच विचारायचं की सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढच्या चकतीचे दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात जवळपास सारखे आहेत का. असतील तर जंगलातला चढ बसून चढता येईल. नसतील तर ढकलत न्याल. कार्बन, इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग वगैरे सगळं नंतर.

आपल्यातले बरेच जण कंपनीमार्फत सायकल लीजवर घेतात, पगारातून कापून जाते आणि टॅक्समध्ये फायदा होतो. चांगली स्कीम आहे, पण करार साधारण ३६ महिन्यांचा असतो, आणि मध्येच नोकरी बदलली किंवा भारतात परत जायचं ठरलं तर ते लीज मिटवायला डोकेदुखी होते. व्हिसाचं, प्रोजेक्टचं अजून नक्की नसेल तर सेकंडहँड बरी.

हवा. ही एक गोष्ट ऐका माझी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टायर दगडासारखे टणक भरले होते, आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलंय ना की हवा टाइट पाहिजे. बाड ट्योल्झच्या अलीकडे एका साध्या उतारावर पुढचं चाक असं काही नाचायला लागलं की मी सरळ गवतात, हातापायाला खरचटलं ते वेगळंच. ७० किलोच्या आसपास वजन असेल आणि ४० मिमीचे ट्यूबलेस टायर असतील तर ३० ते ३५ पीएसआयच्या मधे कुठेतरी ठेवा, ट्यूब असेल तर थोडी जास्त नाहीतर खडीवर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. बरोबर एक स्पेअर ट्यूब, पंप, टायरचे लिव्हर, चेनचा एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि मल्टिटूल. आणि घरी टीव्ही बघत बघत एकदा तरी चाक काढून ट्यूब बदलून बघा, पहिली वेळ पावसात जंगलात नको.

कायद्याने इथे सायकलला घंटी लागते, दोन स्वतंत्र ब्रेक लागतात, अंधारात लाइट लागतो. हेल्मेट मोठ्यांना कायद्याने सक्तीचं नाहीये, तरी घाला. प्रायव्हेट लायबिलिटी इन्शुरन्स नसेल तर सायकलआधी तो काढा, कुणा चालणाऱ्या आजोबांना धक्का लागला तर बिल तुमच्या नावावर येतं.

पहिला आठवडा : पर्लाखर फॉर्स्ट

डोंगर, तळी सगळं विसरा. शहराच्या दक्षिणेला पर्लाखर फॉर्स्ट नावाचं सपाट जंगल आहे, त्यात पट्टीने आखल्यासारखे सरळसोट खडीचे रस्ते. ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी तिथे दोन-तीन वेळा जा आणि फक्त ब्रेक मारायची प्रॅक्टिस करा. खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरतं, मागचा दाबला की मागचं चाक फरफटतं पण तुम्ही उभे राहता, तर दोन्ही हळूहळू आणि वळणाच्या आधी, वळणात नाही. वळणात बाहेरचा पाय खाली. सपाटीवर खोल खडी लागली तर घाबरून थांबू नका, हँडल सैल धरा, नजर लांब ठेवा आणि पॅडल मारत राहा, सायकल स्वतःच वाट काढते. चढावर उभं राहून जोर लावायचा नाही, वजन पुढे गेलं की मागचं चाक जागेवर फिरतं. बसून, हलका गिअर, नाक हँडलकडे.

जंगलाच्या दक्षिण टोकाला डायसेनहोफेनमध्ये कुग्लर आल्म नावाचं बिअर गार्डन आहे. १९२२ मध्ये एका शनिवारी इतके सायकलवाले आले की बिअर संपायला आली म्हणून मालकाने त्यात लेमनेड मिसळून विकली आणि त्या मिश्रणाला राडलर, म्हणजे सायकलवाला, असं नाव पडलं अशी गोष्ट तिथे सांगतात. खरी किती खोटी किती देव जाणे, पण गरमीत लागते भारी. सायकलवरही दारूचे नियम आहेत हो, १.६ प्रोमिलच्या (रक्तात हजारात १.६ भाग अल्कोहोल) पुढे गेलात तर थेट गुन्हा, आणि वेडीवाकडी चालवताना सापडलात तर त्याच्या कितीतरी आधीच.

कुठे चालवता येते, कुठे नाही

हे कळलं नाही तर दंड होतो किंवा कुणीतरी आजी झापते, आणि आजी जास्त वाईट. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बवेरियाच्या संविधानात कलम १४१ आहे, त्यात निसर्गाचा आनंद घ्यायचा, जंगलात जायचा, अगदी रानातली बेरी गावच्या रीतीप्रमाणे तोडून खायचासुद्धा हक्क सगळ्यांना दिलेला आहे. त्याच विचारातून इथे सायकललाही योग्य अशा वाटांवर जाता येतं, वाट खासगी मालकीची असली तरी. पण चालणाऱ्याचा मान पहिला. लांबूनच वेग कमी करा, घंटी हळूच वाजवा, ‘सेर्वुस’ किंवा ‘ग्र्युस गॉट’ म्हणा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पाट्या दोन ओळखा. लाल गोल आणि आत नुसतं पांढरं असेल तर सगळ्या वाहनांना बंदी, त्यात सायकलही आली, मग उतरून ढकलत न्या, जोपर्यंत खाली ‘राडफेरकेर फ्राय’ म्हणजे सायकलला मोकळं असं लिहिलेलं नाही. त्याच लाल गोलात मोटरसायकल आणि कारचं चित्र असेल तर ती बंदी फक्त इंजिनवाल्यांना, तुम्ही खुशाल जा. जंगलात झाडं तोडायचं काम चालू असेल तर वाटेवर आडवं बॅनर लावतात, त्यावर जिवाला धोका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. रविवारी काम बंद दिसलं तरी त्याच्या आत जाऊ नका, अर्धवट कापलेलं झाड कधी पडेल सांगता येत नाही.

आणि एक गंमत. डोंगराच्या पलीकडे टिरोल लागतं, म्हणजे ऑस्ट्रिया. खडी तीच, झाडं तीच, गाई पण तशाच, पण नियम उलटा. तिथे जंगलरस्ता सायकलसाठी मुद्दाम खुला केलेला असेल तरच चालवायची, नाहीतर बंदच समजायचं. ॲपमध्ये सीमेपलीकडे मस्त लूप दिसतोय म्हणून सरळ जाऊ नका.

ट्रेन

सायकलला वेगळं तिकीट लागतं, डॉइचलांड तिकीट या देशभर चालणाऱ्या मासिक पासात ती येत नाही. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ सायकल नेता येत नाही. शनिवारी-रविवारी छान ऊन असेल तर सकाळी ९ च्या ट्रेनमध्ये आख्खं म्युनिक सायकल घेऊन चढतं आणि जागा नसेल तर तुम्ही खालीच राहता, तिकीट असलं तरी. ७ ची पकडा. हो, सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ची, बायको आणि पोरं काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा.

लेंग्रीस, टेगर्नझे आणि बायरिशत्सेल या तिन्हीकडे जाणारी गाडी म्युनिकहून एकत्र सुटते आणि वाटेत तुटते. होल्त्सकिर्शेनला एक तुकडा वेगळा होतो, शाफ्टलाखला उरलेले दोन. डब्यावरची पाटी न बघता जिथे सायकलला जागा दिसली तिथे मी चढलो, झोप लागली, आणि लेंग्रीसऐवजी टेगर्नझेला जाग आली. तसं बघितलं तर वाईट जागी नाही पोचलो, पण मित्र लेंग्रीसच्या प्लॅटफॉर्मवर जेवणाचा डबा घेऊन वाट बघत होता आणि डबा त्याच्याकडेच होता.

पहिला खरा रूट : लेंग्रीस ते म्युनिक, इझार नदीबरोबर

साधारण ६० ते ६५ किमी. नवख्याने खडीवर ताशी १५ किमी धरावेत, वर दर १०० मीटर चढाला दहा मिनिटं, आणि तळ्यात-नदीत डुंबायला एक तास. म्हणजे सकाळी साडेआठला लेंग्रीसहून निघालात तर दुपारी तीन-चारपर्यंत आरामात घरी.

लेंग्रीस ते बाड ट्योल्झ हा दहाएक किमीचा तुकडा म्हणजे या खेळाची जाहिरात आहे. डावी-उजवीकडे हिरवे डोंगर, बाजूला हिरवट-निळी इझार, खाली बारीक दाबलेली खडी. ट्योल्झमध्ये मुख्य बाजाराचा रस्ता रंगवलेल्या घरांचा आहे, तिथे सायकल ढकलत कॉफी घ्या. ट्योल्झच्या पुढे वाट नदी सोडून टेकाडांत शिरते, हाच तो मधला पट्टा, इथे दोन-चार चढ तुम्हाला शिव्या द्यायला लावतील. मग वोल्फ्राट्सहाउझेन. इथे लोइझाख नदी इझारला मिळते आणि इथपर्यंत एस ७ ही एस-बान येते, त्यामुळे पाय गेले असतील तर गुपचूप चढून घरी जायचं, कुणाला सांगायची गरज नाही.

चढला नाहीत तर पुढचा भाग सगळ्यात सुंदर. पुपलिंगर आउ नावाचं रान, नदीत पसरलेले खडीचे पट्टे. त्या पट्ट्यांवर काही पक्षी उघड्या खडीतच अंडी घालतात, म्हणून वसंतात आणि उन्हाळ्यात जिथे पाटी असेल तिथे खाली उतरू नका. आणि हो, या भागात आणि पुढे शहरातल्या फ्लाउखरजवळसुद्धा काही लोक कपडे न घालता ऊन खात पडलेले असतात, इथे त्यात कुणाला काही वाटत नाही, तुम्हीही पुढे बघून सायकल चालवा. उन्हाळ्यात नदीतून ओंडक्यांचे मोठे तराफे येतात, वोल्फ्राट्सहाउझेनहून म्युनिकच्या थालकिर्शेनपर्यंत, वर बँड वाजतोय, बिअरचं पिंप, साठ माणसं नाचतायत. पूर्वी याच पाण्यावरून डोंगरातलं लाकूड शहरात यायचं. म्युल्टालला तराफे एका लांबलचक घसरगुंडीवरून धडाधड खाली येतात, तिथे थांबून ते एकदा बघाच.

शेफ्टलार्नच्या मठानंतर शहर जवळ यायला लागतं. पुलाखच्या बाजूला नदीच्या उतारावर मुळं आणि दगडांच्या अरुंद पायवाटा आहेत, तरुण पोरं त्यांच्यावरून उडत जातात, तुम्ही रुंद रस्ता धरा.

दुसरा : टुट्झिंग ते कोखेल

इथे माझाच नियम मोडायचा. हा रूट उत्तरेकडून दक्षिणेकडे, डोंगराकडे तोंड करून करा, कारण दोन्ही टोकांच्या उंचीत फारसा फरक नाही आणि समोर आल्प्सची भिंत दर तासाला मोठी होत जाताना बघण्यात जी मजा आहे ती पाठ करून नाही. साधारण ४५ किमी.

नवख्यांना हा मी सगळ्यात जास्त सुचवतो आणि कारण निसर्ग नाहीये, कारण आहे रेल्वे. टुट्झिंग, बेर्नरीड, झेजहाउप्ट, इफेलडॉर्फ, पेन्त्सबर्ग, बिख्ल, बेनेडिक्टबॉयर्न, कोखेल, ही सगळी एकाच लाइनवरची स्टेशनं आहेत आणि तुम्ही जवळपास तिच्याच सोबतीने जाता. पाऊस आला, गुडघा दुखला, बरोबरच्याशी वाजलं, कधीही सुटका.

लोक विचारतात की स्टार्नबर्ग तळ्याला पूर्ण चक्कर का नाही मारायची, ५० च्या आसपास किमी आहे, नाव मोठं आहे. मारा की, पण रविवारी नको. बराचसा डांबरी रस्ता, गाड्या, आणि काठावर आइस्क्रीम खाणाऱ्या माणसांची जत्रा. बर्ग गावाजवळ पाण्यात एक क्रॉस उभा आहे, तिथे १३ जून १८८६ ला राजा लुडविग दुसरा मेलेला सापडला होता, तो बघायला म्हणून मंगळवारी-बुधवारी जा.

झेजहाउप्टच्या खाली ओस्टरझेएन लागतात, वीसेक छोट्या तळ्यांची माळ. हिमनदी मागे सरकताना बर्फाचे मोठे तुकडे खडीत गाडले गेले, ते हळूहळू वितळले आणि तिथे खड्डे राहिले, तीच ही तळी. संरक्षित भाग आहे, पोहायला ठरलेल्या जागा आहेत, काही वाटा फक्त चालणाऱ्यांसाठी, पाटी बघत जा. पेन्त्सबर्गनंतर दलदलीचा सपाट प्रदेश, लोइझाखच्या काठाने, समोर बेनेडिक्टेनवांड नावाचा मोठा कडा. बेनेडिक्टबॉयर्नच्या मठाच्या आवारात झाडाखाली बसायला मिळतं. फ्राउनहोफर हे नाव तुम्ही इंजिनिअरिंगला ऐकलं असेल, तो माणूस याच आवारात भिंगांसाठी काच बनवायचा, ती कार्यशाळा अजून बघायला मिळते.

तिसरा : टेगर्नझेमागचा लूप

पस्तीसेक किमी, पण यात पहिला खरा चढ. टेगर्नझे स्टेशनहून रोटाख, तिथून वाइसाख नदीच्या काठाने खडीची सोपी वाट क्रॉइटपर्यंत, पुढे क्लाम नावाच्या ठिकाणी मोठा रस्ता ओलांडून उजवीकडे जंगलात. इथे थोडा वेळ चढ चांगलाच दम काढतो, वर श्वार्त्सेनटेनची कुरणं, हजार मीटरच्या थोडं वर. मग झ्योलबाखच्या दरीतून लांब उतार थेट बाड वीसेपर्यंत. उलटीकडूनही करता येतो पण मग चढ लांबतो. उतारावर रविवारी लहान मुलं आणि कुत्री भरपूर, ब्रेकवर बोटं ठेवूनच या.

गाईंबद्दल सांगायचं राहिलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गुरं वर कुरणांत मोकळी असतात आणि बऱ्याचदा रस्त्याच्या मधोमध बसलेली असतात. आपल्याला गाईंची सवय आहे म्हणून मध्ये घुसायचं नाही, वासरू बरोबर असेल तर लांबून वळसा घाला. फाटक उघडलंत तर लावून घ्या. रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी येते, गुरं ओलांडू नयेत म्हणून, ती सरळ काटकोनात पार करायची आणि त्यावर ना वळायचं ना ब्रेक मारायचा, ओली असेल तर अजिबातच नाही.

चौथा : लेंग्रीस, याखेनाउ, वाल्खेनझे, कोखेल

वरचे तीन झाल्यावरच. चाळिसेक किमी, एका स्टेशनवर उतरायचं आणि दुसऱ्याच लाइनच्या स्टेशनवरून परतायचं. बरेच जण कोखेलहून सुरू करतात आणि केसेलबर्गचा घाट चढतात, नवख्याने तसं करू नये, मोठा रस्ता आहे, वळणं आहेत, गाड्या आहेत. लेंग्रीसहून याखेनाउची दरी इतकी हळूहळू चढते की कळत नाही, वाटेत लाकडी घरं आणि गवताचे उतार. नीडरनाखला वाल्खेनझे समोर येतं आणि पहिल्यांदा बघणारा माणूस गप्प होतो. ८०० मीटर उंचीवर, १९० मीटरपर्यंत खोल, आणि रंग असा की फोटो दाखवला तर घरचे म्हणतात फिल्टर लावलायस.

तिथून पूर्वेच्या काठाने झाखेनबाखवरून उर्फेल्डपर्यंत जा. पश्चिमेला महामार्ग आहे, या बाजूला शांतता. पाणी भर ऑगस्टमध्येही थंडगार असतं, घामाघूम होऊन थेट उडी मारू नका, आधी पाय, मग मान ओली करा. उर्फेल्डहून थोडासा चढ आणि मग केसेलबर्गचा डांबरी उतार. सुट्टीच्या दिवशी इथे मोटरसायकलींना वर चढायला बंदी आहे त्यामुळे समोरून त्यांचा त्रास कमी, तरी वळणांवर आपली बाजू सोडू नका.

खाली कोखेल तळ्याच्या काठी डोंगरावरून उतरलेले सहा जाड पाइप दिसतात. वरच्या तळ्याचं पाणी २०० मीटर खाली आणून वीज करतात, १९२४ पासून. क्षमता १२४ मेगावॉट. मी कोयनेच्या बाजूचा माणूस, आमची १९६० मेगावॉट, तर हे बघून मला आधी हसू आलं होतं. पण या चिमुकल्या केंद्रासाठी वरची इझारसुद्धा वळवून तळ्यात आणली आहे आणि त्यामुळे मूळ पात्रात कितीतरी वर्षं पाणीच उरत नव्हतं हे कळल्यावर हसू गेलं. असंच लेंग्रीसच्या वर झिल्वेनश्टाइन धरण, १९५९ ला पूर्ण झालं, त्यात जुनं फाल गाव पाण्याखाली गेलं आणि नवीन गाव वर वसवलं. उजनीत पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं ते ज्याने पाहिलंय त्याला तिथल्या पुलावर उभं राहिल्यावर काय वाटतं ते मी सांगायला नको. तो रस्ता पुढच्या वर्षासाठी ठेवा.

खाणं, पाणी, हवामान

रविवारी बवेरियात दुकानं बंद. बंद म्हणजे बंद, दूध मिळत नाही. बाकीच्या दिवशीही डोंगरातल्या हॉटेलांचा आठवड्यात एखाद-दोन दिवस ‘रूहेटाग’ म्हणजे सुट्टीचा दिवस असतो, निघायच्या आधी बघून घ्या. पाण्यासाठी जुनी युक्ती म्हणजे गावातली दफनभूमी, तिथे फुलझाडांना घालायला नळ असतो. ‘काइन ट्रिंकवासर’ म्हणजे पिण्याचं पाणी नाही अशी पाटी असेल तर पिऊ नका, नसेल तरी खात्री वाटली तरच.

बिअर गार्डनमध्ये जिथे सेल्फ सर्व्हिसची बाकं असतात तिथे स्वतःचं खाणं आणायची जुनी रीत आहे, फक्त पेय त्यांच्याकडून घ्यायचं. म्हणजे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा काढून बसायला तुम्हाला कुणी काही म्हणत नाही, उलट बाजूचे लोक वाकून बघतात. सायकलवर खायला दाण्याचा लाडू हा कुठल्याही एनर्जी बारच्या बापासारखा आहे, दर तासाला एक. मांस न खाणाऱ्यांनी केजश्पेट्सले (चीज घातलेल्या शेवयांसारखं) किंवा कायझरश्मारन (तुकडे केलेलं गोड पॅनकेक) मागवावं, कायझरश्मारन खाऊन लगेच चढ चढू नये.

जंगलरस्त्यांवर वरच्या भागात बर्फ एप्रिल-मेपर्यंत राहतो, तेव्हा मेच्या मध्यापासून ऑक्टोबर हा आपला सीझन. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर वादळी पाऊस आणि विजा येतात, दक्षिणेकडे ढग फुलकोबीसारखे फुगायला लागले की खाली निघा. फ्योन नावाचा कोरडा दक्षिणवारा सुटला तर डोंगर हाताच्या अंतरावर दिसतात, काहींचं डोकं दुखतं, पण लेंग्रीसहून येताना तो पाठीमागून ढकलतो, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

गोचिडीची इथे फार काळजी घ्या, आपल्याकडे आपण ती म्हशीच्या अंगावर बघितलेली असते. जवळपास सगळा बवेरिया गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याच्या यादीत आहे. त्याची लस असते, तीन डोस, हेल्थ इन्शुरन्स पैसे देतो, हिवाळ्यातच डॉक्टरची वेळ घ्या म्हणजे उन्हाळ्यापर्यंत दोन डोस होतात. लाइम नावाचा दुसरा आजार पण त्यांच्यामुळेच होतो, मेंदूज्वराची लस घेतली की झालं असं नाही, ती लस लाइमवर चालत नाही, म्हणून घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला नीट बघा.

नकाशा फोनमध्ये ऑफलाइन टाकून ठेवा, दऱ्यांत रेंज जाते. कुणाला लागलं तर ११२.

आणि घरी आल्यावर सायकल धुवा, त्याच दिवशी. चुनखडीची पांढरी पूड चेनमध्ये बसली की तेलाबरोबर तिची पेस्ट होते आणि सगळे दात घासून टाकते. खालच्या कॉमन अंगणात रविवारी पाइप लावून, घासघासून आवाज करू नका, शेजारी चिठ्ठी लिहून दारात लावतात. बादली, जुनं फडकं, दात घासायचा जुना ब्रश, आणि मग चेन कोरडी करून तेलाचा एकेक थेंब. मी बाथरूममध्ये धुतो, बायको गावी गेलेली असेल तर.